फुटामागे एक सूत

अकोल्यात त्या काळी सरकी काढायचे कारखाने पुष्कळ होते आणि त्यांची यंत्रंही पुष्कळ मोडायची. मोडलेलं चाक, झिजलेला दाता नवा ओतून द्यायचं काम रेल्वे रुळापलीकडच्या एका फौंड्रीत चालायचं. तिथे शेषराव फर्मे करायचा. फर्मा म्हणजे जे ओतायचं त्याची लाकडी प्रत. ती ओल्या वाळूत दाबायची, अलगद काढून घ्यायची आणि तिच्या जागी वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायचं. ऐकायला सोपं आहे. पण बीड निवताना आकसतं, फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढा फर्मा मोठा ठेवावा लागतो. दरवेळी हा हिशेब कोण करत बसणार, म्हणून फर्मेवाल्याची पट्टीच वेगळी असते. तिचा फूट तुमच्या-आमच्या फुटापेक्षा एका सुतानं लांब असतो. शेषरावाची पट्टी पितळेची होती. ती त्याच्या सदऱ्याच्या खिशातून फक्त आंघोळीपुरती बाहेर येते, असं त्याची बायको मनकर्णा म्हणायची.

घरीही तो तीच पट्टी वापरायचा. दर चौदा एप्रिलला, जयंतीचे नवे कपडे अंगावर चढले की त्यांची मुलगी शकुन दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायची. शेषराव तिच्या डोक्यावर सुतारी काटकोनाचा गुण्या ठेवून पेन्सिलीची रेघ ओढायचा, पट्टीनं मोजायचा आणि बाजूला साल लिहायचा. शेवटच्या वर्षी माप भरलं बरोबर चार फूट. शाळेत गुरुजींनी मोजलं तर चार फूट अर्धा इंच. पोरगी हिरमुसली होऊन घरी आली तेव्हा मनकर्णा हसली.

"तुहा बाप तुले अर्धा इंच कमीच मोजते," ती म्हणाली. "त्याले वाटते तू निवल्यावर आकसशीन."

चौकटीवर अशा सहा रेघा होत्या. सातवी ओढायची वेळ आली नाही. साठ सालच्या भादव्यात शकुनला ताप चढला आणि चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. नऊ वर्षांची होती.

शेषराव तिसऱ्या दिवशी कामावर गेला. एका पुलीचा फर्मा अर्धवट राहिला होता, तो पुरा केला. लोक म्हणाले, छाती दगडाची आहे. तसंही नव्हतं. त्याला आत काही लागतच नव्हतं, जेवणाची चव लागत नव्हती आणि छिन्नीनं बोट कापलं तरी रक्त दिसल्यावरच कळायचं. मनकर्णा रडून घ्यायची, उठायची, शिलाई मशीनवर बसायची. हा नुसता बसून राहायचा. वर्षभरानं त्याच्या ध्यानात आलं की आपल्याला पोरीचा चेहरा आठवत नाही. उंची आठवत होती. पाऊल सात इंच, मनगटाचा घेर पाच, चपलेचा अंगठा कुठे यायचा तेही पाठ होतं. पण त्या सगळ्या मापांवर चेहरा म्हणून काही उमटेना. घरात फोटो एकही नव्हता. बापाला लेकीचं तोंड आठवू नये याची त्याला फार लाज वाटायची, आणि ती त्यानं मनकर्णेलाही सांगितली नाही.

चौसष्ट सालच्या होळीला दुपारी खुशालराव आला. हा अमरावतीला सिनेमाचे बोर्ड रंगवायचा, रंगवता रंगवता मुंबईला गेला आणि एका कंपनीत देखावे करायच्या कामाला लागला. पूर्वी फौंड्रीची पाटी रंगवायला आला असताना त्यानं शेषरावाचे फर्मे हातात घेऊन पाहिले होते, ते त्याच्या डोक्यात होतं. त्यानं काखेतली गुंडाळी ओसरीवर पसरली. चंद्रावर जाणाऱ्या यानाचं चित्र होतं. भोपळ्यासारखं फुगीर अंग, पुढे निमुळतं नाक, मागे तीन पंख.

अशी तीन यानं हवी होती. एक तीन फुटांचं, जवळून दाखवायला. एक फुटाचं, मधल्या अंतरासाठी. आणि एक चार इंचांचं.

"पडद्यावर दूर गेलं असं दाखवाचं तर लहान यान टांगतेत," खुशालराव म्हणाला. "पाहणाऱ्याले वाटते, गेलं बाप्पा दूर."

"मंग मोठंच दूर न्या ना."

"तेवढी जागा स्टुडिओत कोठी हाये, शेषराव?"

त्यानं आणखी एक गोष्ट बजावली. खिडकीत माणूस बसवायचा. माणूस नसला की बघणाऱ्याच्या डोळ्याला आकार समजत नाही. माप इंचाला फूट धरायचं. खुशालरावानं खिडकीसाठी सेल्युलॉइडचा तुकडा दिला, चहा घेतला आणि संध्याकाळच्या गाडीनं गेला.

शेषरावाला चंद्राशी काही देणंघेणं नव्हतं. त्यानं ते चित्र पुलीचं असावं तसं पाहिलं आणि आधी मोठं यान करायला घेतलं. फौंड्रीतून तीनला सुटायचा, ओसरीवर भिंतीला लावलेल्या कामाच्या बाकापाशी यायचा, दिवेलागणीपर्यंत हात चालवायचा. अंग सागाचं, आतून पोखरलेलं. पंख टिनाचे. पाठीवर टाचणीच्या डोक्यांचे रिबिट, चारशे बारा. चित्रात खिडकी नाकाजवळ होती. ती मात्र त्यानं मागच्या टोकाला घेतली.

त्याला कारण होतं. मनकर्णेचं माहेर बार्शीटाकळीला. छोट्या रुळाच्या गाडीनं जायचं. शकुन खिडकीपाशी बसायची, पण इंजिनाकडे पाठ करून. गाव लहान लहान होताना बघायचं असतं म्हणायची. जाताना अकोलं लहान होत जाई, त्याचं तिला काही वाटत नसे. परत येताना मामाचं गाव लहान व्हायला लागलं की मात्र डोळ्यांना धार लागायची, ती पार अकोलं येईपर्यंत. काचेला दोन्ही तळवे लावून, आवाज न करता रडायची. मनकर्णा चिडवायची, बाई तुला घरी नेतो आहोत का सासरी.

खिडकीत बसवायला शेषरावाला एकाच माणसाची मापं तोंडपाठ होती. शिवणीच्या लाकडाचा तुकडा घेऊन तो चौदा एप्रिलला दुपारी बसला. बाहेर निळे झेंडे लागले होते, मिरवणुकीची लेझीम चालली होती. चार फुटांचे चार इंच. बसलेली, कापलेले केस, गुडघ्यांवर हात. चेहऱ्यापाशी आल्यावर तो थांबला, कारण पुढचं माप त्याच्यापाशी नव्हतं. मग चाकूचं टोक नुसतं टेकवलं. चाकू आपला आपण चालला. हनुवटी निघाली. वरचा ओठ जरासा पुढे निघाला. उजवी भुवई डावीपेक्षा उंच.

मनकर्णा चहा घेऊन आली आणि कपबशी हातात धरून तशीच उभी राहिली.

"हे शकुनच हाये," ती म्हणाली.

शेषराव बघत राहिला. चार वर्षांनी त्याला लेक दिसली होती. छातीत काहीतरी हललं. दुखलं म्हणता येणार नाही, पण हललं. त्यानं तिला आतल्या चिमुकल्या खुर्चीत खिडकीकडे तोंड करून बसवलं, कातड्याच्या पट्ट्यानं बांधलं, सेल्युलॉइड लावून झाकण स्क्रूंनी बंद केलं. यानाचं नाक भिंतीकडे, खिडकी अंगणाकडे होती. ये-जा करताना तिचं तोंड दिसायचं. हे मुंबईला द्यायचं, या विचारानं त्याला चार वर्षांत पहिल्यांदा कसली तरी भीती वाटली.

त्याच संध्याकाळी मनकर्णेच्या शिलाईच्या टेपनं माप घेतलं तेव्हा आपली चूक त्याला कळली. सवयीनं सगळं काम पितळी पट्टीनं झालं होतं. तीन फुटांचं यान तीन फूट तीन सूत झालं होतं. फौंड्रीत ते बरोबर ठरलं असतं, पण इथे काही ओतायचं नव्हतं, म्हणजे आकसायचंही नव्हतं. तीन सुतांनी सिनेमाचं काय बिघडतं, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

चार दिवसांनी खोकं करायला माप घेतलं. पस्तीस इंचाला एक सूत कमी.

दीड इंच गेला होता. उन्हाळ्यानं लाकूड सुकतं हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. पण लाकूड आडवं आकसतं, लांबीत आकसत नाही, आणि टिनाचे पंख तर मुळीच सुकत नाहीत. त्यानं रिबिट मोजले. चारशे बारा होते, आणि दोन रिबिटांमधलं अंतर सगळीकडे सारखंच कमी झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी परत मोजलं. आणखी तीन सूत कमी. तिसऱ्या दिवशी तेवढंच. त्यानं हिशेब मांडून पाहिला. रोज, फुटामागे एक सूत.

त्यानं फौंड्रीतल्या पुंजाजीला घरी बोलावलं. पुंजाजी वाळूचे साचे भरायचा, वीस वर्षांचा सोबती, कमी बोलणारा. त्यानं स्वतःच्या हातानं मोजलं. दुसऱ्या दिवशी परत येऊन मोजलं. मग यान उचलून पाहिलं आणि पटकन खाली ठेवलं.

"वजन तेवढंच हाये," तो म्हणाला.

ते खरं होतं. वीस किलोचं यान वीस किलोचंच राहिलं होतं.

"निवून राह्यलं का काय?" शेषरावानं विचारलं.

पुंजाजीनं वाकून खिडकीतून आत पाहिलं. शकुन त्याच्या खांद्यावर बसून मिरवणुकीला गेलेली पोर होती. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला.

"नाही," तो म्हणाला. "जाऊन राह्यलं."

एवढं बोलून त्यानं चपला घातल्या. त्यानंतर तो त्या ओसरीवर कधी आला नाही. फौंड्रीत मात्र डब्यातली भाजी पहिल्यासारखी अर्धी काढून द्यायचा.

सिनेमातल्या नटाला वेळ मिळेना म्हणून खुशालरावाचं येणं लांबलं, तो उगवला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. तोवर यान एक फुटाचं झालं होतं. ते बघून तो खूष झाला. पाठीवरचे रिबिट भिंगातून बघावे इतके बारीक, पंखाच्या कडा कागदासारख्या. मुंबईत असं काम करणारा माणूस नाही म्हणाला. मधलं तर झकास झालं, आता मोठं दाखवा.

"हेच मोठं हाये," शेषराव म्हणाला.

खुशालराव हसला. मग त्यानं ते उचलायला एक हात घातला. ते हललं नाही. दोन्ही हातांनी उचललं, तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या. फूटभर लाकडाचं ते वजन हातात धरून तो क्षणभर उभा राहिला, मग जिथून उचललं तिथेच जपून ठेवलं आणि हात पँटीला पुसले. खिडकी मागे का केली, एवढंच त्यानं विचारलं. शेषरावानं सांगितलं की चालवणारा पुढे बघतो, जाणारा मागे बघतो. खुशालरावानं चहा घेतला नाही. महिन्यानं त्याचं कार्ड आलं, यानाचं काम दुसरीकडून झालं आहे, तसदी घेऊ नये.

द्यायची भीती गेली. पण यान आपलं आपणच चाललं होतं, आणि तिथे कार्ड पाठवून काही होणार नव्हतं.

दिवाळीनंतर ते चार इंचांचं झालं. शेषरावानं फौंड्रीतून भिंग आणलं. रोज साडेतीनला तो भिंग लावून खिडकी शोधायचा आणि चेहरा बघायचा. हनुवटी, ओठ, उंच भुवई. एक दिवस भुवई दिसेनाशी झाली. पुढच्या महिन्यात ओठ गेला. त्यानं वेड्यासारखी मनात उजळणी करून पाहिली, पण भिंगातून जे गेलं ते डोळ्यांपुढूनही जात होतं. तो मनकर्णेला म्हणाला, ती अजून इकडेच बघते आहे. मनकर्णा म्हणाली, जाताना ती रडत नसते, तुम्ही घाबरू नका.

पासष्टच्या पोळ्याच्या सुमाराला बाकावर ज्वारीचा एक दाणा उरला. तो चिमटीत उचलेना. खालच्या बाभळीच्या फळीत त्याच्या वजनानं खळगा पडला होता. पुढल्या जानेवारीत दाणाही दिसेना. खळगा तेवढा राहिला. त्यावर बोट ठेवलं की बोटाला काही लागत नसे.

मग दिवस गेले. शेषराव फर्मे करत राहिला, जेवत राहिला, झोपत राहिला. चेहरा पुन्हा पुसला गेला होता. या वेळी लाजही वाटली नाही. मनकर्णा बाक पुसताना खळग्याभोवतीनं फडकं फिरवायची.

सदुसष्टच्या नोव्हेंबरात एक दिवस तो कामावरून आला तेव्हा ती बाकापाशी उभी होती. फडकं तिच्या हातात होतं.

"ज्वारीचा दाणा हाये," ती म्हणाली. "झटकला, तं जात नाही."

शेषरावानं भिंग आणलं. दुसऱ्या दिवशी आणलं, तिसऱ्या दिवशी आणलं. आठवड्यानं खात्री झाली. दाणा वाढत होता.

"येऊन राह्यली," मनकर्णा म्हणाली.

पण नाक आता अंगणाकडे होतं आणि खिडकी भिंतीकडे. कोणी फिरवलं नव्हतं. वाटाण्याएवढं झालं, लिंबाएवढं झालं, तरी तसंच. शेषरावाच्या मनात यायचं की बाक ओढावा, नाही तर यानच फिरवून तोंड बघावं. पण नाक भिंतीकडे होतं तेव्हा ते जात होतं. ते परत तसं केलं तर काय होईल, हे त्याच्या हिशेबात बसेना. त्यानं हात लावला नाही. आरसा धरून बघतो म्हणाला, तर मनकर्णेनं तेही करू दिलं नाही.

"दारात येऊ द्या तिले," ती म्हणाली. "वाटेतच तोंड पाहू नोका."

अडुसष्ट सरलं. यान चार इंचांचं झालं, मग फुटाचं. रोज, फुटामागे एक सूत. चौदा एप्रिलला ते पूर्ण भरेल असा शेषरावाचा हिशेब होता. मनकर्णेनं निळं कापड आणलं. ती टेप गळ्यात घालून चौकटीपाशी उभी राहिली. शकुन अठराची झाली असती.

"उंची किती धरू?"

"पाच फूट असंन."

"तुमच्या पट्टीनं का माह्या टेपनं?"

त्यानं खिशातल्या पट्टीवर हात ठेवला. तिनं अर्धा इंच जास्तच धरला.

चौदा एप्रिल एकोणसत्तर. बाहेर लेझीम चालली होती. मनकर्णेनं उंबऱ्यावर पाय धुवायला पाण्याचा तांब्या भरून ठेवला. शेषरावानं माप घेतलं. तीन फूट तीन सूत. केलं होतं तेवढंच. त्याच्या हिशेबानं आता ते थांबणार होतं.

त्यानं मनकर्णेचा हातआरसा घेतला आणि भिंत व खिडकी यांच्यामध्ये धरला.

आधी दोन वेण्या दिसल्या. त्यानं केस कापलेले कोरले होते. मग गुडघे दिसले, जागा पुरत नसल्यानं पोटाशी घेतलेले. कातड्याचा पट्टा तुटून लोंबत होता. मान छताखाली वाकली होती.

उजवी भुवई उंच होती.

बाकीचा चेहरा त्यानं कोरला होता तो नव्हता, अठरा वर्षांच्या पोरीचा होता. पण तो तिचाच होता. आरसा भिंतीला लागून वाजला. नऊ वर्षांनी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याला ते गरम लागलं.

"आपल्याकडे पाहून राह्यली का?" मनकर्णेनं मागून विचारलं.

"नाही."

"मंग?"

"तिकडं पाहून राह्यली." त्यानं आरसा नीट धरला. तिचे दोन्ही तळवे सेल्युलॉइडला लागले होते.

अंगणातून लेझीम पुढे निघून गेली.

"रडून राह्यली का?"

शेषरावानं पुन्हा पाहिलं.

"हो," तो म्हणाला.

मनकर्णेनं मान हलवली. निळा झगा घडी करून तिनं मशीनवर ठेवला. तांब्या मात्र उंबऱ्यावर राहू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेषरावानं माप घेतलं. तीन फूट सहा सूत भरलं, ते थांबलं नव्हतं. त्यानं दुसऱ्यांदा मोजलं, पट्टी पुसून खिशात ठेवली, स्टूल आणलं आणि त्यावर चढून ओसरीच्या छपराच्या टिनांचा पहिला बोल्ट सोडवायला घेतला.